देवाला बावीस कसं सांगू?

माझं ठरत आलेलं लग्न एका प्रार्थनेनं मोडलं. प्रार्थना माझ्या भल्यासाठी होती, तिच्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि ती करणाऱ्या बाईचा माझ्यावर पोटच्या पोरीसारखा जीव होता. इतकं सगळं चांगलं एका ठिकाणी जमल्यावर वाटोळं व्हायला किती वेळ लागतो? आमच्या बाबतीत दोन मिनिटं लागली.

ती बाई म्हणजे सारजामावशी. औरंगाबादच्या छावणीत ख्रिस्ती मुलींचं एक बोर्डिंग होतं, तिथं ती भाकऱ्या करायची. रोज सकाळी शंभर. लिहितावाचता येत नव्हतं, पण दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायची म्हणजे नावं लक्षात राहायला हवीत, म्हणून तिनं स्वतःची एक रीत काढली होती. एक भाकरी, एक नाव. गोळा हातात घेतला की नाव घ्यायचं, थापता थापता त्या माणसाची सगळी गाऱ्हाणी देवाच्या कानावर घालायची, आणि भाकरी तव्यावर पडली की आमेन. पहिली भाकरी चर्चच्या पाळकसाहेबांची, दुसरी त्यांच्या दम्याची, तिसरी माझ्या आईची, चौथी माझी. छावणीतली ख्रिस्ती माणसं साठाच्या आसपास संपायची. मग उरलेल्या चाळीस भाकऱ्यांना माणसं कुठून आणायची? त्यात पोस्टमन आला, भिस्ती आला, कलेक्टर आला, एस.टी.चे ड्रायव्हर आले आणि शहागंजातला एक अत्तरवाला आला, त्यानं तिला एकदा मनगटाला फुकट अत्तर लावून दिलं होतं म्हणून. गादी गेलेल्या निजामालाही एक भाकरी होती. “त्यालाबी लेकरंबाळं हायत की,” ती म्हणायची.

थापता थापता एखाद्या नावावर तिचा हात थांबायचा. म्हणजे प्रभूनं सांगितलं, जा. मग उरलेल्या भाकऱ्या उरकायच्या आणि कोपरापर्यंतचं पीठसुद्धा न धुता त्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहायचं. तिचा हात थांबला म्हणूनच रामकिसन चौकीदार पाय मोडून विहिरीजवळ पडलेला सापडला, हे सगळी छावणी सांगेल. पण एकदा असाच हात थांबला आणि ती कडूबा कंडक्टरच्या घरी गेली, तर तिथं सगळे ठणठणीत. दुपारभर बसून सीताफळं खाऊन परत आली. मी विचारलं, “मावशी, देवानं कशाला पाठवलं होतं गं?”

“सीताफळं लई झाली व्हती त्यांच्याकडं,” ती म्हणाली. तिला त्यात काहीच गंमत वाटली नाही.

तिची अडचण एकच होती. चुलीपुढं देवाशी जितकं मोकळं बोलायची, तितकंच रविवारी भरल्या उपासनेतही बोलायची. पाळकसाहेब म्हणायचे, “आता ज्यांना वाटेल त्यांनी प्रार्थना करावी,” आणि सगळी मंडळी श्वास रोखून धरायची. कारण मावशीला नेहमीच वाटायचं. “दयाळू बापा, यमुनाबाईच्या सुनंला पोटभर तूप मिळू दे. डबा वरच्या फळीवर मागल्या बाजूला हाय, ते तुला ठावं हायच.” सुनेला मात्र ते त्या दिवशी कळलं. देवाला सगळं ठाऊक असतं, मग तपशील कशाला, असं पाळकसाहेबांनी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “साहेब, डागदरलाबी कळतं, तरी कुठं दुखतं ते आपुनच सांगतो ना?” पाळकसाहेब मधुसूदनराव मोठे विद्वान माणूस. पण त्या दिवशी त्यांना दम्याची उबळ आली आणि उत्तर राहूनच गेलं.

आता माझं सांगते. मी मनकर्णा, आजीच्या नावाची. त्या वेळी मी शाळेत शिकवत होते. वडील वारलेले, धाकटा भाऊ शिकत होता आणि आई भागूबाई घरी बसून शिवण करायची. पासष्ट सालच्या जानेवारीत पाचोडहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा शांतवन, तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर, वय चोवीस. त्याच्या आईनं, आवडाबाईंनी, माझं वय विचारलं.

आमच्या भागात तेव्हा वय विचारायची रीतच वेगळी होती. जन्मतारीख कुणाला पाठ असणार? अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा किती वर्षांची होतीस, एवढं विचारलं की झालं. स्वतः मावशी तर म्हणायची, “पोलीस ॲक्शनला माझे दोन दात पडल्याले व्हते,” आणि त्यावरून ज्याला जे काढायचं ते त्यानं काढावं. तर आवडाबाईंनी विचारलं आणि आईनं पापणी न हलवता सांगितलं, “अहो, पाच वर्सांची व्हती. कडेवर घिऊन पळाले मी.”

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि भावाला कडेवर घेऊन मीच पळाले होते. म्हणजे आता सव्वीस. आईनं मला एका वाक्यात बावीसची केली. मी कपबशा घेऊन दारात उभी होते, मागं चुलीपाशी मावशी. तिथंच खरं बोलायला हवं होतं, पण नाही बोलले. कारण दहा मिनिटांपूर्वी शांतवननं मला विचारलं होतं, “तुम्हाला सायकल येते?” मी हो म्हटलं, तर खाली मान घालून म्हणाला, “मला येत नाही. तीनदा पडलो.” जो मुलगा बायको बघायला येऊन आपण किती वेळा पडलो ते सांगतो, तो मला हवा होता. कुणालाही विचारा, मी हट्टी बाई आहे. मला तोच हवा होता.

पुढच्या रविवारी सुपारी फोडायची ठरली. पाचोडची माणसं सकाळीच आली, उपासनेला बसली. आवडाबाई बायकांच्या दुसऱ्या बाकावर, माझ्या आईच्या शेजारी. पाळकसाहेब म्हणाले, “आता ज्यांना वाटेल त्यांनी...” आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मावशी पदर सावरून उभी.

“दयाळू बापा, आमच्या मनूचं आज ठरतंय, तुझे लई उपकार. सव्वीस वर्सं पुरी झाली रे पोरीला, सत्ताविसावं लागंल आता. लई वाट बघाया लावलीस. पोरगा दोन वर्सांनी ल्हान हाय, असू दे, तू त्याला अक्कल दे. अन् भागूबाईच्या तोंडून चुकून बावीस निघालं, तिला माफ कर. आमेन.”

मंडळीतून एकही आमेन आलं नाही. आवडाबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि पिशवी उचलून सरळ दाराबाहेर. मागून त्यांचे दीर, मागून शांतवन. तो दारात क्षणभर घुटमळला, मग दिसेनासा झाला.

त्या दुपारी आमच्या घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. आईनं मावशीला काय काय म्हणून घेतलं! मावशी ओट्यावर उभी राहून निमूट ऐकत होती. शेवटी मीच ओरडले, “देवानं सांगितलं होतं का तुला माझं वाटोळं करायला?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “नाय गं मने. पर मी त्याला बावीस कसं सांगू? त्यानंच तर तुला जल्माला घातलं. त्याच्या ध्यानात असंलच की.”

मी दार लावून घेतलं.

पाळकसाहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि हुकूम दिला, “सारजाबाई, मी सांगेपर्यंत या मंडळीत तुम्ही मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. मनातल्या मनात करा.” मावशीनं हुकूम तंतोतंत पाळला. पण मनातल्या मनात बोलणं तिला जमेना. आवाज बंद, ओठ चालू. उपासनेत, रस्त्यात, चुलीपुढं तिचे ओठ सारखे हलायचे, आणि जो तो आपलं नाव दिसतंय का म्हणून तिच्या तोंडाकडं बघत बसायचा. आधी निदान ऐकू तरी येत होतं. छावणीत इतकी धास्ती पूर्वी कधीच नव्हती.

असे पंधरा दिवस गेले आणि एके सकाळी चौथ्या भाकरीवर तिचा हात थांबला. ती भाकरी माझी. आता माझ्याकडं यायचं तर चार पावलांवर घर. पण तिच्या मनात उमटलं ते पाचोड. हे तिनंच मला नंतर सांगितलं. तिनं देवाशी चांगली हुज्जत घातली म्हणे. “एस.टी.त मला मळमळतं, तुला ठावं हाय. आवडाबाई मारंल मला. जाऊन बोलू तरी काय?” काय बोलायचं ते देवानं सांगितलं नाही. नुसतं जा. तेव्हा उरलेल्या भाकऱ्या तिनं कशाबशा संपवल्या, निजामाची जरा जाडच झाली, आणि ती पाचोडच्या गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी परत आली तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा हिरवट, आणि तोंडभर हसू. मी पंधरा दिवस तिच्याशी बोलत नव्हते, पण ते हसू बघून पाणी घेऊन धावले. तिनं जे सांगितलं ते असं. आणि तिला खोटं बोलता येत नाही हे आता वेगळं सांगायला नको.

आवडाबाईंनी तिला ओसरीवर बसवलं. पाणी दिलं, चहा दिला नाही. मावशीला काही सुचेना, म्हणून ती सवयीनं जे सगळ्यांना विचारते तेच विचारून बसली, “बाई, तुमच्यासाठी देवाकडं काय मागू?”

आवडाबाई फणकारल्या, “मागायचंच असंल तर माझ्या पोराला चांगली बायको मागा!”

झालं. मावशीनं तिथल्या तिथं डोळे मिटले. मी मध्येच तिला अडवलं, “अगं, मोठ्यानं? पाळकसाहेबांनी बंदी घातलीय ना?”

“या मंडळीत घातलीय,” ती म्हणाली. “पाचोडला दुसरे पाळक हायत. मी गाडीतच इचार केला व्हता.”

तर मावशीनं सुरुवात केली, “दयाळू बापा, आवडाबाईच्या शांतवनला चांगली बायको दे.” डोळे मिटूनच आवडाबाई म्हणाल्या, “शिकल्याली.” मावशी म्हणाली, “शिकल्याली दे बापा.” “मोठ्यानं हसणारी नको,” आवडाबाई. “बापा, ते जरा अवघड हाय, पर बघ,” मावशी. “तब्येतीनं धड.” “धड दे बापा.” “सासूला उलटून बोलणारी नको.” इथं मावशी थांबली. माझा स्वभाव तिला ठाऊक होता आणि देवाशी लबाडी करायची नव्हती. ती म्हणाली, “बापा, येकदोनदा बोलली तर आवडाबाईला सोसायचं बळ दे.” मग मावशीनं विचारलं, “बाई, वय किती मागू?”

आवडाबाईंचे डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. आणि आतल्या खोलीच्या दारामागून आवाज आला, “सव्वीस!”

आवडाबाईंनी खाडकन डोळे उघडले. “शांतवन! पारथना चालू असताना मधी बोलतूस?”

“मी आमेन म्हणत होतो,” तो आतून म्हणाला, “जरा आधी निघालं.”

मावशी हे सांगत होती आणि मी भिंतीला टेकून हसत होते, रडत होते, काय करत होते मलाच कळेना. आई मशीनवर पाठमोरी बसली होती. तिचं मशीन मात्र कधीचंच थांबलं होतं.

मग चहा आला म्हणे. आणि आवडाबाईंनी आपलं म्हणणं मांडलं. “वयाचं मला कायबी नाय. माझा नवराबी माझ्यापरीस ल्हान व्हता. पर ज्या घरची सोयरीक करायची ते घर पहिल्या दिवशी खोटं बोललं, ते माझ्या मनातून जात नाय. पोरीचा दोष नाय. तिच्या आईनं भरल्या मंडळीत उभं राहून खरं सांगावं. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येते. नाय सांगितलं, तर जालन्याची पोरगी बघून ठिवलीय, ती पक्की करते.”

आईनं वळूनसुद्धा न बघता उत्तर दिलं, “मरंन, पर उभी राहणार नाय.”

उरले सतरा दिवस. मी आईला समजावलं, भांडले, दोन दिवस जेवले नाही. मशीन घरघरत राहिलं. शेवटी मी मावशीकडं गेले, “तूच काहीतरी बोल तिच्याशी.”

“मला बोलाया सांगितल्यालं नाय,” ती म्हणाली. “तिच्या भाकरीवर हात थांबतो रोज. देव जा म्हणतो, बस म्हणतो. बोल म्हणत नाय.”

आणि दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. शंभर भाकऱ्या झाल्या की यायची, पिठाळ हात मांडीवर ठेवायची, डोळे मिटायची आणि ओठ हलवायची. अर्धा तास. मग उठून जायची. पहिले तीन दिवस आईनं तिच्याकडं बघितलंच नाही. चौथ्या दिवशी तिचं लक्ष शिवणीतून उडालं आणि एका झंपरला तिनं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. सहाव्या दिवशी तिनं मशीन थांबवून मान वाकडी करून मावशीच्या ओठांकडं बघितलं. “भागूबाई म्हणलीस आत्ता. दिसलं मला. काय सांगतीस त्याला माझ्याबद्दल?”

मावशीनं डोळे उघडले. “मोठ्यानं सांगायची बंदी हाय.”

“मला सांग!”

“तुला नाय, त्याला सांगतिया.” आणि परत डोळे मिटले.

आईची झोप उडाली. दिवसभर स्वतःशी पुटपुटत घरात फिरायची. “हिनं आपलंच खरं करून सांगितलं असणार. माझी बाजू कोण सांगणार? रोज अर्धा तास! अर्ध्या तासात माणूस काय काय सांगंल!” मी म्हटलं, “मग तू पण कर की प्रार्थना, तुझी बाजू सांग.” ती माझ्यावर डाफरली, पण डाफरताना थांबली, आणि तोंडातली सुई काढून नुसतीच हातात धरून बसली.

पहिला रविवार आला. आवडाबाई आल्या, पुन्हा त्याच दुसऱ्या बाकावर बसल्या. पलीकडं पुरुषांत शांतवन, नवा सदरा, गुडघ्यावर खरचटलेलं फाटक्या पायजम्यातून दिसत होतं. सायकल शिकत होता, हे मला लगेच कळलं. उपासनेतलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, “आता ज्यांना वाटेल त्यांनी प्रार्थना करावी.” सवयीनं सगळ्या माना मावशीकडं वळल्या. ती बसून होती, ओठ हलत होते.

आई उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही हातांनी पुढचं बाक घट्ट धरलं आणि वर तुळईकडं बघत भांडायला उभी राहिल्यासारखी सुरू झाली.

“देवा, तू सारजाबाईचं पंधरा दिवस ऐकलंस, आता माझंबी ऐक. एका बाजूचं ऐकून निकाल देऊ नकोस. मी बावीस सांगितलं, व्हय, सांगितलं. समद्याच आया सांगत्यात. या मंडळीतल्या कुणाकुणाच्या आईनं काय काय सांगितलं ते मी बोलत नाय, तुला ठावं हाय.” दोनतीन बाक अस्वस्थ झाले. कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबांनी डोळे घट्ट मिटले.

“पर मी चारच वर्सं का कमी केली, ते सारजाबाईनं तुला सांगितलं नसंल. तिला ठावंच नाय.” इथं तिचा आवाज उतरला. “मनू बावीसची व्हती तवा फर्दापूरहून येक स्थळ आलं व्हतं. लई चांगलं. पोरगा मास्तर. मी त्यांना दारातूनच परत धाडलं. मनूला कळूसुदीक दिलं नाय. हिचा बाप गेल्याला, पोरगं शाळंत, हिच्या पगारावर आमची चूल. ही गेली असती तर आम्ही काय खाल्लं असतं? मग आणखी येक स्थळ आलं, तेबी धाडलं. चार वर्सं मी हिला ठिवून घेतली. ही सकाळी सायकलवर बसून शाळंत जायची, अन् मी दारातून बघायची, अन् मला वाटायचं, आज राहू दे, उद्या देईन. ती चार वर्सं मी खाल्ली रे देवा. पोरीला जी दिलीच नायत, ती तिच्या वयात धरू कशी? म्हणून नाय धरली.”

फर्दापूरचा मास्तर. मला आजवर वाटत होतं, माझ्यासाठी कुणी आलंच नाही. चार वर्षं मी आरशात बघून माझ्यात काय कमी आहे ते शोधत होते.

“आता सांगते. माझी लेक सव्वीस वर्सांची हाय. खाल्ल्याली चार वर्सं माझ्या आयुष्यातून काढ अन् तिच्या शेवटाला लाव. मला आमेन म्हणाया तोंड नाय. तूच म्हण.”

मग दुसऱ्या बाकावरून आवडाबाईंचं आमेन आलं, खणखणीत, आणि त्याबरोबर सगळ्या मंडळीतून एवढ्या जोरात आमेन निघालं की पाळकसाहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. पुरुषांच्या बाजूनं एकजण सगळ्यांच्या मागाहून पुन्हा एकदा आमेन म्हणाला. तो आवाज मी ओळखला, पण तिकडं बघितलं नाही.

आई अजून उभीच होती, बाक धरून, कुणाकडं बघायची हिंमत नसल्यासारखी. मी उठले आणि बायकांचे पाय तुडवत तिच्यापाशी गेले. मला आमेन म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “तुझी वर्षं नकोत गं आई मला. बस खाली, पाय दुखतील.”